राजाची ठेवलेली बाई आणि जमिनीची भानगड

प्रश्न : सर, घरी सगळे मोबाइलवर इंग्लंडच्या जुन्या राजांच्या सिरीज बघायलेत. त्यात राजाची ठेवलेली बाई म्हणजे नुसती नटूनथटून बसायची, राजा मुठीत, बाकी काम काही नाही. खरंच एवढी मज्जा असायची का? आणि राजा गेल्यावर तिचं काय व्हायचं?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ताई, नटणं होतंच, नाही कशाला म्हणू. पण एलिस पेरर्सचं बघा. तिसऱ्या एडवर्डची ही बाई, मूळची राणी फिलिपाच्या सेवेतली, एका जवाहिऱ्याची विधवा. राणी 1369 मध्ये वारली, पण त्याच्या आधीच एलिसला राजापासून पोरगा झालेला होता. पुढं 1373 मध्ये राजानं राणीचे दागिनेच तिला लिहून दिले, आणि नंतर लंडनच्या रस्त्यातून तिची ‘सूर्याची राणी’ म्हणून रथात मिरवणूक काढली. लोकांच्या डोळ्यांवर यायला अजून काय पाहिजे?

पण बाई लई हुशार. राजा साठीच्या पुढं गेलेला, तब्येत खालावलेली, तो डोळे मिटला की आपल्याला विचारणारं कोणी नाही हे तिला पक्कं माहीत. आपल्याकडं म्हातारा अंथरुणाला खिळला की सातबाऱ्यावर नाव चढवायची कशी पळापळ होते, तसलंच ते. पन्नासेक जहागिऱ्या जमवल्या तिनं, आणि गंमत म्हणजे राजानं दिलेल्या त्यातल्या थोड्याच, बाकीच्या तिनं स्वतः सौदे करून, कर्ज देऊन, विश्वासातल्या माणसांच्या नावावर घेतलेल्या. काम काही नाही म्हणता? दिवसभर कागदच असतील हो तिच्यापुढं!

1376 मध्ये पार्लमेंट भडकली. लढाईत हार, टॅक्सचा बोजा, आणि राजाला तर तोंडावर बोलता येत नाही, मग राग काढायचा कुणावर, तर बाईवर. तिच्यापायी तिजोरीतनं वर्षाला दोन-तीन हजार पाउंड जातात म्हणाले, आणि बायकांनी कोर्टातल्या खटल्यांत वशिला लावायचा नाही असा हुकूमच काढला, त्यात एलिसचं नाव घालून. त्यातच बाहेर आलं की तिनं विल्यम विंडसर नावाच्या सरदाराशी गुपचूप लग्न केलंय. राजा म्हणे मला पत्ताच नव्हता.

तिला दरबारातनं काढलं, पण काही महिन्यांत ती परत राजाजवळ. 21 जून 1377 ला राजा गेला. मरताना तिनं त्याच्या बोटांतल्या अंगठ्या काढून घेतल्या असं वॉल्सिंगहॅम नावाचा साधू लिहितो, पण त्याच्या मठाचा तिच्याशी जमिनीवरून वाद होता, तेव्हा मी तरी ते जपूनच वाचतो.

पुढं नवीन राजाच्या पहिल्याच पार्लमेंटमध्ये खटला, सगळं जप्त. नुसते मोतीच निघाले वीस हजारांच्या वर. दुसऱ्यांच्या नावावर ठेवलेल्या जमिनीपण सोडल्या नाहीत. दोनेक वर्षांनी शिक्षा मागं घेतली, बऱ्याच जमिनी परत मिळाल्या, पण कुणाला? नवऱ्याला. तिकडच्या तेव्हाच्या कायद्यात लग्न झालेल्या बाईची इस्टेट नवऱ्याच्या ताब्यात असायची. तो 1384 ला मेला आणि जमीन दाबून बसला त्याचा पुतण्या, जॉन. इथं मला तिची कीव येते खरं सांगायचं तर, कारण राजाच्या काळात जे कमावलं ते नवऱ्याच्या घरात बुडालं.

पुढची पंधराएक वर्षं बाई भांडतच राहिली. 1400 मध्ये मृत्युपत्र केलं, त्यात जॉननं बळकावलेल्या जमिनी सरळ आपल्या दोन पोरींना देऊन टाकल्या आणि खाली आत्म्याची शपथ घेऊन लिहिलं, याचा त्यावर हक्क नाही आणि कधीच नव्हता.