मजुरांसोबत काम करणाऱ्या संस्थेतली पहिली नोकरी सोडताना काय काळजी घ्यावी?

गोव्यात परप्रांतीय मजुरांसाठी काम करणाऱ्या संस्थेत दोन वर्षं झाली, पहिलीच नोकरी, सोडायची आहे पण केसेस अर्धवट आहेत, असं तुम्ही विचारलंय. सोडा, त्यात गैर काही नाही. पण राजीनाम्याआधी तुमचा मोबाईल नंबर कुठे कुठे अडकलाय ते शोधा.

नवखी मुलं इथे हमखास फसतात. मजुराचं सिम सारखं बदलतं, म्हणून बँक खातं, बांधकाम मजुरांच्या कल्याण मंडळाची नोंदणी, मुलाचा शाळेचा अर्ज, सगळीकडे आपलाच नंबर टाकून मोकळी होतात. मग तो माणूस झुआरीनगरच्या बँकेत खिडकीपाशी उभा असतो आणि ओटीपी तुमच्या खिशात वाजतो. आधी आधारशी जोडलेला मोबाईल नंबर बदलून घ्या, कारण ई-श्रमसकट (असंघटित मजुरांची सरकारी नोंदणी) बरंच काही त्यावरच चालतं. आधार केंद्रावर माणूस स्वतः गेला की झालं, बोटांचे ठसे देऊन नंबर बदलतो, वेगळी कागदपत्रं लागत नाहीत. बँकेचं कामही त्याच दिवशी उरका. एकेका फेरीला त्याची दिवसाची मजुरी बुडते.

कपाटातली मूळ कागदपत्रं, रेशनकार्ड, पासबुकं, ज्याची त्याला परत द्या आणि वहीत सही किंवा अंगठा घ्या.

हस्तांतरासाठी मोठा अहवाल लिहू नका, तो कुणी वाचत नाही. प्रत्येक केसची एक ओळ पुरे, पण ती अशी हवी: ‘बायणा, नळाशेजारची खोली, कन्नड बोलतात, बाई संध्याकाळी सातनंतर भेटते. 23 दिवसांची मजुरी बाकी, हजेरीवहीचा फोटो फाईलमध्ये, पुढची तारीख 14.’ भाषा आणि भेटीची वेळ लिहिली नाही तर नवा माणूस चार वेळा बंद दारावर थाप मारून परत येतो. बांधकाम मजुरांच्या नोंदणीत 90 दिवसांच्या कामाचा दाखला कुणी दिला आणि वर्गणी कधीपर्यंत भरली आहे, हे आवर्जून लिहा. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1996 च्या कायद्यात वर्षभर वर्गणी थकली की लाभार्थी म्हणून नाव गळायचं.

तुम्ही जाताय हे मुकादमाला सगळ्यात शेवटी कळू द्या. आधी कळलं तर मजुरी थकलेल्यांना गाठून तो अर्ध्या पैशांत मिटवायला लावतो. आधी त्या कुटुंबांना सांगा, तेही नव्या माणसाला शेजारी उभं करून.

जमलं तर एप्रिलमध्ये राजीनामा द्या, मे महिनाभर नव्या माणसाला वस्त्यांत, मासेमारीच्या जेटीवर फिरवा आणि जूनमध्ये सुटा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, ट्रॉलरवरचे बरेच खलाशी झारखंड-ओडिशाला गावी जातात, पावसात बांधकामंही मंदावतात. ऑगस्टपासून माणसं परतू लागतात, तेव्हा त्यांना निदान एक तरी ओळखीचा चेहरा दिसायला हवा.

तुमच्या स्वतःच्या बाबतीत: कार्यमुक्तीपत्र आणि अनुभवपत्र शेवटच्या दिवशी हातात घ्या, निधी संपला की लहान संस्थांत सही करायलाही माणूस उरत नाही. पीएफ कापला जात असेल तर काढू नका, नव्या नोकरीत वळवा. पेन्शनला 10 वर्षांची सेवा लागते आणि ही दोन वर्षं त्यात धरली जातात. संस्थेने नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही तर पीएफच्या शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतःच यूएएनच्या (पीएफचा कायमचा क्रमांक) ऑनलाइन खात्यावर भरता येते. मानधन ‘सल्लागार’ म्हणून मिळत असेल तर 10 टक्के टीडीएस (आधीच कापलेला आयकर) गेला असेल. विवरणपत्र भरा, उत्पन्न करपात्र नसेल तर तो परत मिळतो.

आणि जुनं सिम निदान सहा महिने चालू ठेवा. फोन येतील, ते घ्या, नव्या माणसाचा नंबर द्या आणि तो लिहून घेतला का ते विचारा.