बर्फ तीन दिवसांचा, टायरचा खर्च सहा महिन्यांचा

मुलुंडच्या एका वाचकांनी विचारलं आहे: "डिसेंबरअखेर आम्ही चौघं स्वतःच्या गाडीने मनालीला, तिथून अटल बोगद्यातून सिस्सूपर्यंत जाणार आहोत. जर्मनीतला भाचा म्हणतो, 'मामा, विंटर टायरशिवाय बर्फात गाडी घालू नका.' चार टायरचे ₹48,000 सांगितलेत, सहा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय ₹8,000. दर दोन वर्षांनी हिमाचलला जायचा बेत आहे. आत्ताचे टायर 2019 चे आहेत, 46,000 किलोमीटर झालेत. घ्यावेत का?"

नमस्कार. भाचा बरोबरच सांगतोय, पण त्याच्या गावचं. साधारण 7 अंशांच्या खाली नेहमीच्या टायरचं रबर ताठरतं आणि पकड सुटते. विंटर टायरचं रबर अशा थंडीतही मऊ राहतं, शिवाय त्याच्या नक्षीतल्या बारीक चिरा बर्फाला धरतात. जर्मनीत रस्त्यावर बर्फ असेल तर असे टायर कायद्यानेच लागतात, आणि ऑक्टोबर 2024 पासून तीन शिखरं व हिमकणाचं चिन्ह असलेलेच चालतात. तिथे पैशांचा हिशोबही बसतो. ऑक्टोबर ते ईस्टर एक संच, बाकीचे महिने दुसरा. एक झिजत असतो तेव्हा दुसरा आराम करतो, त्यामुळे दोन्ही जास्त वर्षं पुरतात.

आता मुलुंड. मुंबईतलं नोंदलेलं सर्वांत कमी तापमान 7.4 अंश, सांताक्रूझला, 22 जानेवारी 1962 रोजी. म्हणजे त्या कडाक्याच्या पहाटेलाही हे टायर लागले नसते! घरूनच लावून निघालात तर एकोणीसशे किलोमीटरच्या आसपासचा बहुतेक रस्ता कोरडा, गुजरात-राजस्थानात दुपारी ऊनही चांगलं. मऊ रबर भराभर झिजणार आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर गाडी जास्त अंतर घेणार. सोबत न्यायचे म्हणाल, तर चार टायर टाकल्यावर डिकीत चिवड्याचा डबासुद्धा मावायचा नाही.

मनाली ते सिस्सू साधारण चाळीस किलोमीटर. जाऊन-येऊन, सोलंगची एक फेरी धरून, खरा बर्फाळ रस्ता फार तर 150 किलोमीटर. पहिल्याच ट्रिपचा भार धरला तर किलोमीटरला ₹320. टायरच्या आयुष्यात अशा तीन ट्रिपा झाल्या तरी शंभराच्या वर, काढा-घालायची मजुरी वेगळी. आपल्या काळीपिवळीचं किमान भाडं ₹31 आहे, तेही दीड किलोमीटरला.

जिवाला किंमत लावू नये, हे मान्य. पण जोराचा बर्फ पडला की मनालीत पोलीस बऱ्याचदा फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या, गाड्याच पुढे सोडतात. तुमची गाडी फोर बाय फोर नसेल, तर ₹48,000 चे टायर घालूनही ती तिथेच थांबेल. काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर हात बसलेला असावा लागतो तो निराळाच. म्हणून मनालीत गाडी हॉटेलवर लावा आणि बर्फाच्या दिवसांसाठी चालकासकट स्थानिक फोर बाय फोर घ्या. अडीनडीला चाकाच्या साखळ्या जवळ असू द्या. आधी गाडीच्या मॅन्युअलमध्ये त्या चालतात का बघा, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा बसवून पाहा. बोटं गारठल्यावर ते काम शिकता येत नाही.

माझा डोळा खरं तर तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्यावर अडकला. 2019 चे टायर! कायद्याने नक्षीची खोली किमान 1.6 मिलिमीटर हवी. खाचेतल्या उंचवट्यांपर्यंत रबर आलं की समजायचं, टायर संपला. पण पावसात त्याच्या बऱ्याच आधीपासून पकड कमी होते आणि जुनं रबर कडक होतं ते वेगळंच. मी स्वतः "अजून एक पावसाळा निघेल" म्हणत टायर ओढले होते. जुलैत पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीजवळ साचलेल्या पाण्यात स्टिअरिंग एकाएकी हलकं झालं, गाडी कुणीतरी हातातून काढून घेतल्यासारखं. दोन-तीन सेकंदच असतील. दुसऱ्या दिवशी टायरवाल्याकडे गेलो.

विम्याच्या भरवशावरही राहू नका. नुसता टायर फुटला तर साधी पॉलिसी काही देत नाही. गाडीसोबत टायरचं नुकसान झालं तरी त्याचे निम्मेच पैसे मिळतात.

तेव्हा विंटर टायर नकोत, पण नवे साधे टायर मात्र हवेत, आणि निघायच्या आधी. ईएमआय टाळा: "नो-कॉस्ट" म्हणतात, पण रोखीची सवलत जाते, वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागतो. टायरवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, तर जुन्या भावाचं कोटेशन कुणी पुढे केलं तर घासाघीस करा. उरलेल्या पैशांतून मनालीची गाडी निघेल. उद्या श्रीनगरला बदली झाली तर पुन्हा लिहा, तेव्हा उत्तर वेगळं असेल.

दुकानात टायरच्या कडेवरचे चार आकडे स्वतः वाचा. 3525 असेल तर तो 2025 च्या पस्तिसाव्या आठवड्यातला. दोन वर्षं जुना माल "ताजा आहे, साहेब" म्हणून पुढे आला, तर दुसरा काढायला सांगा.