‘गेट’चे इतके अर्थ आले कुठून?

‘गेट’ या क्रियापदाचे (फाटकवालं गेट नव्हे) इतके अर्थ कसे आणि ते पाठ कसे करायचे, असं तुम्ही विचारलंय. पाठ करू नका. आठवीत मी तो उद्योग केलाय. वहीची चार पानं भरली आणि परीक्षेत ‘गेट ओव्हर’ला ‘गेट अप’चा अर्थ लिहून आलो.

मुळात हा शब्द इंग्रजांच्या घरचा नाही. नवव्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडचे व्हायकिंग इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात येऊन वसले. त्यांच्या भाषेतलं ‘गेटा’, म्हणजे मिळवणं, १२००च्या सुमारास इंग्रजीत रुळलेलं दिसतं. जुन्या इंग्रजीत त्याचा चुलतभाऊ होता, पण तो एकटा फिरत नसे, आधी उपसर्ग लावूनच यायचा. ‘फर्गेट’ त्यातलाच: हातात धरलेलं सुटलं, म्हणजे विसरलं. त्यात तेव्हा ‘ग’च्या जागी ‘य’सारखा उच्चार होता; ‘ग’ पाहुण्यांनी आणला.

त्याही मागच्या धातूचा अर्थ पकडणं. लॅटिनचं ‘प्रेहेन्देरे’ त्याच धातूवरून आलं आणि त्यातून ‘प्रिझन’ (तुरुंग) आला, ‘कॉम्प्रिहेन्ड’ (समजणं) ही. त्यामुळे ‘आय गेट इट’ (समजलं मला) हे उडाणटप्पू पोरांचं इंग्रजी आहे असं कुणी म्हटलं की मला हसू येतं.

मिळवण्यापासून पोचणं (‘गेट होम’) आणि तिथून एखाद्या अवस्थेला पोचणं (‘गेट वेट’, भिजणं), एवढी वाट लक्षात ठेवलीत तरी निम्मं काम होतं. अमेरिकेत ‘गॉट’ म्हणजे जवळ आहे आणि ‘गॉटन’ म्हणजे मिळवलं किंवा झालं, असा भेदही करतात. ‘गॉटन’ हे जुनं रूप आहे. ब्रिटिशांनीच ते जवळपास टाकून दिलं.

आणि आपण तरी काय कमी आहोत? ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, डोळा लागतो. माझ्या एका तमिळ सहकाऱ्याला घाटात मी सांगितलं होतं, “मला गाडी लागते.” पुढच्या महिन्यात पुणे स्टेशनवरून त्याला फोन केला, “अरे, गाडी लागली, लवकर ये!” पठ्ठ्या धापा टाकत आला, एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात उलटीची गोळी.