खुरपले तरी तण परत का येते?

प्रश्न : गेली चार वर्षे आम्ही शेतातील एकाही तणाला बी धरू दिलेले नाही. तरीही पहिल्या पावसानंतर आठवड्याभरात रान पूर्वीसारखेच हिरवे होते. हे बी येते कोठून?

उत्तर : थोडे बी वारा, पाणी आणि नीट न कुजलेले शेणखत यांच्यामार्फत बाहेरून येते, परंतु बहुतेक बी आपल्याच जमिनीत, आपण हा नेम धरण्याच्या कितीतरी आधीपासून पडून आहे. पिकाचे बियाणे ओल मिळताच एकदम उगवावे अशी निवड माणसाने हजारो वर्षे केली, आणि त्या निवडीत बियांची झोप, म्हणजे सुप्तावस्था, जवळजवळ नाहीशी झाली. तणाच्या बियांनी मात्र ती जपली आहे. एका हंगामात पडलेल्या बियांपैकी काही लगेच, काही पुढच्या वर्षी आणि काही अनेक वर्षांनी उगवतात. त्यामुळे एखाद्या वर्षी सगळी रोपे मारली गेली तरी वंश संपत नाही.

शंकेश्वर, ज्याला पुष्कळ जण मोठे गोखरू म्हणतात, त्याच्या प्रत्येक काटेरी फळात दोन बिया असतात. त्यांपैकी एक साधारणतः पहिल्याच संधीला उगवते आणि दुसरी मागे राहते. चंदनबटव्याच्या एकाच झाडावर पातळ कवचाच्या तपकिरी आणि जाड कवचाच्या काळ्या अशा दोन प्रकारच्या बिया तयार होतात; तपकिरी लवकर रुजतात, काळ्या दीर्घकाळ थांबतात. केना तर याहून पुढे गेला आहे. तो जमिनीच्या वर फुलतोच, शिवाय जमिनीखालीही न उमलणारी फुले धरतो, तेथेच स्वपरागण होऊन बी तयार होते, आणि वरच्या व खालच्या मिळून चार प्रकारच्या बिया एकाच झाडाला लागतात. तेव्हा आपण वरचे एकही बी पडू दिले नाही असे म्हणताना, शेतात केना असेल तर त्याचे खालचे बी हिशेबात धरलेले नसण्याची शक्यता मोठी आहे.

या बिया किती काळ तग धरतात याचा एक प्रयोग अजून चालू आहे. विल्यम बील या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली मिशिगनमध्ये वीस बाटल्यांत ओलसर वाळूत मिसळलेले बी भरून त्या जमिनीत पुरल्या आणि ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरून पाहण्याची व्यवस्था लावून दिली. २०२१ साली, म्हणजे १४२ वर्षांनी, काढलेल्या बाटलीतील व्हर्बॅस्कम या तणाच्या वीस बिया उगवल्या. सगळीच तणे इतकी दीर्घायुषी नसतात. गवतवर्गीय तणांचे बी सहसा बरेच लवकर संपते. म्हणून आपली चार वर्षे वाया गेली असे मी मुळीच म्हणणार नाही. साठा घटतो आहे, पण तो प्रत्येक मशागतीबरोबर वर येत असल्यामुळे ही घट डोळ्यांना दिसत नाही.

मशागतीचा संबंध मुद्दाम सांगतो. अनेक बारीक बियांमध्ये फायटोक्रोम नावाचे प्रकाश ओळखणारे रंगद्रव्य असते. बी खोल गाडलेले असताना अंधारात ते स्वस्थ राहते. नांगराच्या फाळाबरोबर माती उलटताना क्षणभर जरी ऊन लागले तरी रुजण्याची क्रिया सुरू होऊ शकते. दाट पिकाच्या सावलीत उलट घडते, कारण हिरवी पाने प्रकाशातील लाल भाग शोषून घेतात आणि खाली झिरपणाऱ्या उजेडावरून बियाला वर जागा मोकळी नाही हे कळते. रात्रीच्या अंधारात मशागत करून पाहणाऱ्या प्रयोगांत काही ठिकाणी तण स्पष्टपणे कमी उगवले, काही ठिकाणी विशेष फरक पडला नाही. त्यामुळे त्यावर सर्वस्वी विसंबू नये. त्यापेक्षा पेरणीपूर्वी तण मुद्दाम उगवू द्यावे आणि मग वखराची अगदी उथळ पाळी देऊन ते मोडावे, म्हणजे वरच्या थरातील साठा खर्ची पडतो आणि खालचे बी उजेडात येत नाही.

प्रश्न : लव्हाळ्याने त्रस्त होऊन आम्ही जमीन दोनदा नांगरली. त्यानंतर लव्हाळा कमी होण्याऐवजी दुपटीने वाढला. आमचे काय चुकले?

उत्तर : लव्हाळ्याची भिस्त बियांवर जवळजवळ नाहीच, त्याचे बी फार कमी उगवते. तो पसरतो तो जमिनीखालच्या गाठींमुळे. या गाठी बारीक मुळासारख्या खोडांनी एकमेकींना माळेप्रमाणे जोडलेल्या असतात आणि माळेच्या टोकाकडील वाढती गाठ मागच्या गाठींचे डोळे दाबून ठेवते. माळ अखंड असेपर्यंत बहुतेक गाठी निजलेल्या राहतात. नांगराने माळ तुटली की हा दाब संपतो आणि प्रत्येक सुटी गाठ स्वतंत्रपणे कोंब काढते. आपण दुपटीने वाढलेला लव्हाळा पाहिला तो बहुधा आधीपासून जमिनीत होता. नांगरटीने त्याला जागे केले आणि शेतभर पसरवले.

नांगरट चुकीची नव्हती, तिची वेळ आणि तिच्यानंतरचे काम यांत उणीव राहिली असावी. या गाठी कोरडेपणाला कमालीच्या हळव्या असतात. कडक उन्हाळ्यात, पावसाला पुरेसा अवकाश असताना, नांगरून वर आलेल्या गाठी उन्हात तापू दिल्या तर त्या सुकून मरतात. ओल्या जमिनीत तीच नांगरट लागवड ठरते. खोलवरच्या गाठी उरतातच. त्यांनी कोंब काढल्यावर नव्या गाठी धरण्याआधी, म्हणजे दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने, पाते पुन्हा पुन्हा कापत राहिल्यास गाठीतील साठवलेले अन्न संपत जाते. सावली हे त्याचे दुसरे वर्म आहे. जमीन लवकर झाकणारे दाट पीक लव्हाळ्याला जितके दुबळे करते, तितके एकट्या खुरप्याने होत नाही.

घोळीबाबत मात्र उलट काळजी घ्यावी लागते. तिच्या मांसल खोडात पाणी असल्यामुळे उपटून बांधावर टाकलेली घोळ पुन्हा मुळे धरू शकते आणि फुलावर आलेली असेल तर उपटल्यानंतरही बी पक्व करते. ती शेताबाहेरच न्यावी.

प्रश्न : तण पिकाहून जोमाने का वाढते?

उत्तर : सगळे तण जोमदार नसते, पण अनेक त्रासदायक तणे प्रकाशसंश्लेषणाची सी-४ ही पद्धत वापरतात. कडक उन्हात आणि कमी पाण्यात ती अधिक काटकसरीची ठरते. जगातील सर्वांत उपद्रवी समजल्या गेलेल्या १८ तणांच्या एका प्रसिद्ध यादीत १४ तणे सी-४ वर्गातील आहेत; सपुष्प वनस्पतींच्या एकूण जातींत हा वर्ग तीन टक्क्यांच्या आसपासच भरतो. मका, ज्वारी आणि ऊस हेही याच वर्गातील असल्याने त्यांच्या बाबतीत हा फायदा तणाला मिळत नाही.

प्रश्न : एकच तणनाशक काही वर्षे वापरल्यावर त्याचा परिणाम कमी झाला. तणाला औषधाची सवय होते का?

उत्तर : सवय हा शब्द सर्वत्र रूढ आहे, पण तो दिशाभूल करतो, कारण त्यातून मात्रा वाढवली की काम होईल असे वाटते. एखादे झाड औषध पचवायला शिकत नाही. लाखो झाडांत एखादेच जन्मतः वेगळे असते. फवारणीत बाकीची मरतात, ते वाचते, आणि पुढच्या वर्षी शेतात त्याचेच बी उगवते. ज्या तणाचे एक झाड हजारो बिया देते, तेथे हा फेरा काही हंगामांत पुरा होतो. १९६८ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका रोपवाटिकेतील सेनेसिओ हे तण सिमाझिन या तणनाशकाला दाद देईनासे झाले, तेव्हा तेथे त्या औषधाची फवारणी सुमारे दहा वर्षे दरवर्षी होत होती. पुढे माठाच्या कुळातील पामर अमरँथ या तणाने ग्लायफोसेट या तणनाशकावर मात केली. हे औषध ज्या विकराला (एन्झाइमला) बांधून ठेवते, त्याच्या जनुकाच्या काही झाडांत शंभराहून अधिक प्रती आढळल्या; इतका विकर तयार होतो की औषधच अपुरे पडते.

ही निवड फक्त रसायनच करते असेही नाही. भाताच्या खाचरातील एका गवताला पोटरीपर्यंत, म्हणजे लोंबी बाहेर पडण्याआधीच्या अवस्थेपर्यंत, भातापासून वेगळे ओळखता येत नाही, आणि तसे ते हातांनी केलेल्या बेणणीमुळे झाले आहे : वेगळे दिसणारे रोप दर पिढीला उपटले गेले, भातासारखे दिसणारे राहिले. म्हणून एकच उपाय, मग तो कोणताही असो, वर्षानुवर्षे एकटा वापरू नये. पिकांची फेरपालट करावी, वेगळ्या कार्यपद्धतीची औषधे आलटून पालटून वापरावीत, आणि फवारणीनंतर शेतात फिरून वाचलेली झाडे फुलावर येण्याआधी हाताने काढावीत. संख्येने ती थोडी असतात, म्हणून हे काम अनेकदा राहून जाते. परंतु आपण वर्णन केलेल्या शेतात सर्वांत महत्त्वाची झाडे नेमकी तीच आहेत.