व्हिडिओ उडवले, जागा मात्र आलीच नाही

प्रश्न : अमळनेरला माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट, डिस्क बीटीआरएफएस (डिस्कवर फाइली ठेवायची एक पद्धत). लग्नसराई संपल्यावर जुन्या लग्नांचे 180 जीबी व्हिडिओ उडवले, ट्रॅशपण रिकामा केला, पण 15 दिवस झाले तरी डिस्क फुल्लच दाखवते. फोल्डरची साईज बघितली तर कमी झालेली दिसते! टाइमशिफ्ट हे सिस्टीम मागे न्यायचं सॉफ्टवेअर रोज स्नॅपशॉट (डिस्क त्या घडीला कशी होती त्याची नोंद) घेतं, 5 ठेवून जुने काढून टाकतं. मग अडकलंय कुठे?

उत्तर : भाऊ, फोल्डरपण खरं सांगतोय आणि डिस्कपण. बीटीआरएफएसमधला स्नॅपशॉट ही वेगळी कॉपी नसते, त्याच डेटावर अजून एक नाव चढवलेलं असतं. सातबाऱ्यावर चार भावांची नावं असली आणि एकाने हक्कसोड करून दिलं तर जमीन काय मोकळी होते का, तसंच हे. म्हणून स्नॅपशॉट घेताना जागा जवळपास लागतच नाही, आपण फाइल उडवली की मग तो जड होतो.

आता गंमत अशी की टाइमशिफ्ट आपणहून होम फोल्डर, म्हणजे तुमच्या स्वतःच्या फाइलींची जागा, घेत नाही, म्हणजे सेटिंगमध्ये तुम्हीच कधीतरी त्यावर टिक केलेली असणार. आणि फक्त रोजचे 5 असते तर आठवडाभरात जागा परत आली असती. त्यामुळे माझा संशय हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटवर आहे, अपग्रेडच्या आधी वगैरे 'क्रिएट' दाबून घेतलेला. लिस्टमध्ये त्याच्यापुढे इंग्रजी ओ दिसेल. असे स्नॅपशॉट टाइमशिफ्ट कधीच आपणहून काढत नाही, घरजावयासारखे बसून राहतात.

व्हिडिओ उडवायच्या आधीच्या तारखेचे ते ओवाले सिलेक्ट करून डिलीट करा. लगेच आकडा बदलला नाही तर घाबरू नका, साफसफाई मागे चालू असते, चहा घेऊन या. कोणी बॅलन्स (डिस्कवरचा डेटा नव्याने मांडायची बीटीआरएफएसची कमांड) चालवायला सांगेल, त्याच्या नादी लागू नका, जे स्नॅपशॉटने धरून ठेवलंय ते बॅलन्सने सुटत नाही.

फक्त डिलीट मारायच्या आधी एकदा आठवून बघा, कारण ते 180 जीबी अजून जसेच्या तसे त्या स्नॅपशॉटमध्ये आहेत, एखादी पार्टी हळदीची क्लिप मागायची बाकी असेल तर आत्ताच बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून घ्या.