पल्सर १५० ला बाहेरचे ब्रेक-क्लच लिव्हर टाकायचेत, कोणते घेऊ?

भाऊ, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकात एक अडकलेत. एक, लातूर-अंबाजोगाई रोजचं अपडाऊन, क्लच कडक झालाय आणि डावा पंजा दुखायलाय. दुसरा, ऑनलाइन लाल रंगाचे शॉर्टी, म्हणजे आखूड, लिव्हर पाचशेपासून चार हजारापर्यंत जोडी दिसायलेत, त्यातले कोणते घ्यावेत. पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात नाही. म्हणून आधी पंजाचं बोलू, नाहीतर पैसे जातील आणि पंजा तसाच दुखत राहील.

शॉर्टी लिव्हरनं क्लच हलका होत नाही, उलट जड होतो. साधी तरफ आहे हो ती, बोट पिव्होटच्या, म्हणजे लिव्हर ज्याच्यावर फिरतो त्या, बोल्टपासून जेवढं लांब तेवढा जोर कमी लागतो. समजा लांब लिव्हरवर तुमची बोटं बोल्टपासून १२० मिमीवर पडायलीत आणि शॉर्टीवर ती ९० वर आली, तर त्याच क्लचला एक तृतीयांश जोर जास्त लागणार. खरं वाटत नसेल तर गाडी बंद ठेवून आताच्याच लिव्हरवर बोटं टोकाकडं ठेवून दाबा, मग आत सरकवून दाबा, लगेच कळंल. आता रेणापूर फाट्याच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करत जायचं असेल तर हा एक तृतीयांश संध्याकाळपर्यंत किती होतो ते तुम्हीच बघा.

काही बाहेरचे लिव्हर खरंच हलके लागतात, दुकानदार दाबून पण दाखवतो. त्याचं कारण बहुतेक वेळा असं असतं की वायरचा गोळा ज्या भोकात बसतो ते भोक बोल्टच्या जवळ घेतलेलं असतं. ३० मिमीचं अंतर २७ केलं की जोर दहा टक्के कमी लागतो, पण वायर पण दहा टक्के कमी ओढली जाते. मग क्लच पूर्ण सुटत नाही, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, पहिला टाकला की खट्ट आवाज आणि गाडी पुढं सरकायला बघते. लोक मग क्लच प्लेटा बदलत बसतात, आणि दोष निघतो लिव्हरमध्ये.

म्हणून आधी क्लच वायर बदला, कंपनीची घ्या, दोन-तीनशेचा खर्च आहे. आपल्याकडची धूळ माहितीच आहे, काळ्या मातीची ती बारीक भुकटी वायरच्या वरच्या तोंडातून आत जाते, पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि उन्हाळ्यात तो सुकून बसतो. जुनी वायर काढून हातात धरून आतली तार मागं-पुढं ओढून बघा, खरखर लागली की समजायचं दुखणं इथंच आहे. नवी टाकताना ती हँडलजवळ कुठं मुडपत नाही ना ते बघा, आणि लिव्हरच्या टोकाला प्ले, म्हणजे वायर ताणायच्या आधीची मोकळी हालचाल, ठेवा, बहुतेक गाड्यांना १० ते २० मिमी चालतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. अजिबात प्ले न ठेवता टाइट करणारे मेकॅनिक पण आहेत, त्यानं क्लच प्लेटा घसरून जळतात. पिव्होटचा बोल्ट काढून पुसून थोडं ग्रीस. एवढं करून पण कडकच राहिला तर मग क्लच स्प्रिंग आणि इंजिनवरचा रिलीजचा आर्म (वायर जो ओढते तो दांडा) बघायला लागंल, ते मेकॅनिकचं काम.

आता हे सगळं झालं आणि तरी लिव्हर टाकायचेच आहेत, हौस आहे, तर टाका की, हौसेला काय मोल. पण ब्रेकचा आणि क्लचचा लिव्हर एका तराजूत तोलू नका. क्लचचा स्वस्तातला निघाला तर फार तर गाडी ढकलत आणाल. ब्रेकचा लिव्हर तुटला किंवा चुकीचा बसला तर काय होईल ते लिहायला नको.

आणि तुटण्यापेक्षा जास्त घातक एक गोष्ट आहे जी ऑनलाइनच्या फोटोत दिसतच नाही. डिस्कच्या पंपात, म्हणजे हँडलवरच्या मास्टर सिलिंडरमध्ये, पिस्टन पूर्ण मागं आला की एक बारीक भोक उघडतं. ब्रेक ऑइल गरम होऊन फुगलं की त्या भोकातून वरच्या डबीत जातं. लिव्हरचं जे नाक पिस्टनला टेकतं ते एखादा मिलीमीटर जरी लांब असलं तरी पिस्टन कायम थोडा दाबलेला राहतो, भोक झाकलेलं राहतं, ऑइलला परत जायला वाटच नाही. घरून निघताना सगळं ठीक असतं. आठ-दहा किलोमीटरवर गाडी ओढत नाही असं वाटायला लागतं, पॅड घासून गरम होतात, त्यानं ऑइल अजून फुगतं, पॅड अजून चिकटतात, आणि शेवटी पुढचं चाक चालत्या गाडीवर जाम. एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असून पण इथं भरवसा धरू नका, कारण ते डबीकडं जाणारं झाकलेलं भोक काही उघडून देत नाही.

म्हणून नवीन ब्रेक लिव्हर बसवल्यावर हे बघितल्याशिवाय गाडी रोडवर काढू नका. लिव्हर सोडलेला असताना टोकाला बोटानं हलवा, पिस्टनला टेकायच्या आधी थोडासा मोकळा प्ले लागलाच पाहिजे. मग डबीचं झाकण उघडून (टाकीवर फडकं टाका आधी, ब्रेक ऑइल रंग खातं) लिव्हर अगदी हलकेच दाबा, ऑइलमध्ये बारीक उकळी आल्यासारखी हलचाल दिसली म्हणजे भोक उघडं आहे. चेहरा मात्र त्याच्यावर नेऊ नका. झाकण लावून मेन स्टँडवर मागं कुणालातरी बसवून पुढचं चाक उचला, ब्रेक मारा, सोडा, चाक हातानं फिरवा. शेवटी जवळपास एक चक्कर मारा ब्रेक कमीत कमी वापरत, आणि डिस्कजवळ हात नेऊन बघा, हात लावू नका, नुसती धग बघा. ब्रेक न मारता डिस्क तापलेली असेल तर तो लिव्हर काढून परत पाठवा. नाक कानशीनं घासून बसवून देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका, किती घासलं याचा हिशोब तिथं कुणी ठेवत नाही.

याच्यासोबत स्टॉप लाइटचा स्विच. तो लिव्हरच्या मुळाशी असतो, बारीक दांडी लिव्हरनं दाबली जाते. लिव्हरचा आकार थोडा वेगळा असला की लाइट एकतर कायम चालू किंवा कधीच लागत नाही, आणि तुम्हाला पुढं बसून कळत नाही. क्लचच्या योकमध्ये, म्हणजे लिव्हर धरणाऱ्या हँडलवरच्या कवडीत, पण बऱ्याच गाड्यांना असा स्विच असतो, तो दबला नाही तर सेल्फ मारत नाही.

धातूचं सांगतो, कारण मी संभाजीनगरजवळ वाळूजला गाड्यांचे पार्ट पुरवणाऱ्या एका वेंडर कंपनीत क्वालिटीला आहे, ॲल्युमिनियमचेच पार्ट दिवसभर हातात असतात. १९८५ ला इथं बजाजचा प्लांट आला, त्याच्या मागं डाय कास्टिंगची (वितळलेला धातू साच्यात ओतून पार्ट बनवायची), मशीनिंगची दुकानं उभी राहिली, ब्रेकचे पार्ट बनवणारी एन्ड्युरन्स पण इथलीच, त्यामुळं आमच्याकडं चहाच्या टपरीवर पण पोरोसिटीवर, म्हणजे धातूत राहिलेल्या हवेच्या पोकळ्यांवर, वाद होतात. तर जाहिरातीत सरसकट सगळे 'सीएनसी' (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीननं कोरलेला) लिहायलेत. प्रेशर डाय कास्टिंगचा पार्ट घेऊन त्याला वरून दोन जागी कटर फिरवला तरी तो सीएनसीच म्हणायचा का? खरा बिलेट म्हणजे अख्ख्या पट्टीतून कोरून काढलेला, साधारण ६०६१-टी६ नाहीतर ७०७५ या ॲल्युमिनियमच्या ग्रेडमधून. ६०६१ ची यील्ड (किती ताणाला धातू कायमचा वाकतो तो आकडा) २७५ मेगापास्कलच्या आसपास, ७०७५-टी६ ची ५०० च्या आसपास, आणि कास्टिंग या दोन्हीच्या बरंच खाली, वरून आत हवेचे बुडबुडे राहिले तर त्याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. ओळखायचं कसं, तर लिव्हर उलटा करा आणि आतली बाजू बघा, तिथं पॉलिश कुणी करत नाही. साच्याचे दोन भाग जुळतात ती रेघ, आणि इजेक्टर पिनचे (पार्ट साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे) गोल ठसे दिसले की कास्टिंग. कटरच्या बारीक समांतर रेघा दिसल्या की कोरलेला. कास्टिंग असणं म्हणजे वाईट असं नाही बरं, कंपनीचे लिव्हर पण कितीतरी कास्टिंगचेच असतात, पण ते तपासून आलेले असतात आणि पडल्यावर बऱ्याचदा आधी वाकतात. स्वस्तातले एकदम कडकन तुटतात, आणि ते पण मुळाशी, जिथून हातात काहीच उरत नाही.

पाचशे-सातशेच्या जोडीवर ब्रेम्बो, म्हणजे ब्रेकच्या नावाजलेल्या इटालियन कंपनीचं नाव, कोरलेलं असेल तर ते ब्रेम्बो नाही, हे वेगळं सांगायला नको.

ॲडजस्टेबल हा एकच प्रकार असा आहे ज्याला मी खर्चाच्या लायक मानतो, तुमची बोटं लहान आहेत म्हणालात म्हणून तर जास्तच. एक ते सहा आकडे असतात, लिव्हर मुठीच्या जवळ-लांब होतो. जोर कमी लागत नाही, पण बोटांची ताण देऊन पोचायची कसरत वाचते आणि पंजाचं थोडंफार दुखणं तिथलं पण असतं. फक्त सगळ्यात जवळचा आकडा लावून थांबू नका. त्या सेटिंगला ब्रेक जीव खाऊन दाबा, लिव्हर मुठीला किंवा मुठीवर राहिलेल्या दोन बोटांना टेकता कामा नये. क्लचचं पण तसंच, मुठीला टेकायच्या आधी गियर साफ पडला पाहिजे. नाही जमलं तर एक आकडा लांब.

फोल्डिंगवाले, जे पडल्यावर वर दुमडतात, ते कच्च्या रस्त्यानं जाणाऱ्याला ठीक आहेत. तुमचा रस्ता बघता एक सांधा वाढवून घ्यायची गरज मला दिसत नाही, तो सांधा वर्षभरात ढिला होऊन खडखड करतो. टोकाला गोळा मात्र बघा. रेसिंगच्या एफआयएमच्या (मोटरसायकल रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या) नियमात पण टोकाचा गोळा कमीत कमी १६ मिमीचा मागतात, पडल्यावर टोक अंगात घुसू नये म्हणून. काही फॅन्सी शॉर्टी लिव्हरना चाकूसारखं टोक असतं, ते दिसायला भारी असलं तरी घेऊ नका. आणि पिव्होटच्या भोकात पितळेची बुश, म्हणजे बारीक नळी, आहे का बघा. नसेल तर बोल्ट ॲल्युमिनियमला घासून भोक अंडाकृती करतो आणि मग लिव्हर वर-खाली डुगडुगायला लागतो.

तर तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं: नवी वायर, ब्रेकला कंपनीचाच ओरिजिनल लिव्हर ठेवला असता, आणि महिनाभर चालवून बघितली असती. त्यानंतर पण मन झालं तर पूर्ण लांबीचे ॲडजस्टेबल, नाव असलेल्या कंपनीचे, आणि त्यांच्या यादीत 'पल्सर १५०' सोबत तुमच्या गाडीचं वर्ष लिहिलेलं असेल तरच. 'सगळ्या पल्सरला बसतो' असं लिहिलेलं म्हणजे कुठल्याच पल्सरला नीट बसत नाही. दुकानातून घेणार असाल तर जुना ब्रेक लिव्हर काढून सोबत न्या आणि दोन्ही एकावर एक ठेवून बोल्टचं भोक जुळवून नाकाची लांबी बघा, दुकानदार तोंड वाकडं करंल, करू द्या. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी एकदा विचारा.

रंगाचं राहिलंच. लाल ॲनोडाइझिंग आपल्या उन्हात हळूहळू उडून गुलाबी पडतं, निळं पण फिकं होतं, आणि ब्रेकचा लाल वेगळा, क्लचचा वेगळा असं ध्यान दिसतं. काळे घ्या. मे महिन्यात दुपारी उन्हात लावलेल्या गाडीचे काळे लिव्हर चटका देतात हे मान्य आहे, त्याला ग्लोव्ह्ज घाला, तसे पण घालायलाच पाहिजेत.