तान्ह्या बाळाच्या घरासाठी घडीचे कपाट

घरात तान्हे बाळ असल्यामुळे किमतीआधी वासाकडे लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळ्यांतील युरिया-फॉर्माल्डिहाइडच्या डिंकातून फॉर्माल्डिहाइड वायू सुटत राहतो आणि उष्णता व दमटपणा वाढला की तो अधिक सुटतो. गोव्यात जून ते सप्टेंबर खिडक्या बंद असताना हे विशेष जाणवते. तशी फळी घ्यायचीच असेल, तर ई-१ दर्जा, म्हणजे हा वायू कमी सोडणारी फळी, आहे का ते विचारावे आणि कापलेल्या कडा पट्टीने बंद आहेत ना, हे हात फिरवून पाहावे. माझी पसंती मात्र पावडर कोटिंग केलेल्या लोखंडी नळ्यांच्या सांगाड्याला आणि धुता येणाऱ्या सुती आवरणाला आहे, कारण पीव्हीसी या प्लास्टिकच्या आवरणाचा उग्र वास कपड्यांत मुरतो. म्हापशाच्या बाजारात उघड्यावर मांडलेल्या कपाटाचा वास लांबून कळत नाही, तेव्हा चेन उघडून आत वास घ्यावा, आणि घरी आणल्यावर आठवडाभर ते बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, उघडे ठेवावे.

बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या मुळीच नकोत. जी-६-पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी या गोळ्यांतील नॅफ्थलीनमुळे फुटू शकतात. हलके कपाट मूल लोंबकळताच कलंडते, म्हणून ते भिंतीला पट्टीने घट्ट बांधावे.